काचेला चिकटलेली रुद्रम्मा

शटरला आतून चढलेला गंज दिसत नाही. शटर वर घेताना तो ऐकू येतो.

मटण गोठवून ठेवायचं तर लाइट चोवीस तास लागते.

नवरा वारला की चार महिने दहा दिवस बाईनं उंबरा ओलांडायचा नाही.

फोटोच्या कागदाला ओल लागली की त्यावरचा रंग मऊ पडतो, आणि ज्याला टेकेल त्याचा होऊन जातो.

स्कॅनर सापडला नाही.

आधार कार्डावर सगळेच चोरासारखे दिसतात.

*

आता हे सगळं एका दुकानात आणून ठेवू.

दुकान नळदुर्गात, बसस्टँडच्या ओळीत. झेरॉक्स, फोटो, ऑनलाइन फॉर्म. दुकान सोहेलचं. सोहेल मृगाच्या तोंडावर हायवेवर ट्रकखाली गेला, आणि त्याची बायको मिनाज इद्दतीला बसली. ती संपवून पहिल्यांदा ती दुकानात आली तेव्हा पाऊसकाळ सरला होता. सासऱ्यांनी, जैनोद्दीननी, कुलूप काढलं, दोघांनी मिळून शटर वर ढकललं, आणि आत कॉम्प्युटर चालू होता.

"अब्बा, हा बंद नव्हता केला?"

"मेन कसा बंद करू बेटी? शेजारच्या मटनवाल्याचा फ्रीजर आपल्याच मीटरवर हाय. अन् हे डबडं येगळं बंद करायचं आसतंय हे कुनाला ठावं?"

म्हणजे सबंध पावसाळाभर तो चालू होता. लाइट जायची, यायची, आली की आपोआप उठून बसायचा. सोहेलनं त्याला तशी सवयच लावली होती. पडद्यावर दोन नावं होती, एकाखाली एक. सोहेल. मिनाज. आपापल्या नावावर टिचकी मारायची, पासवर्ड द्यायचा, आपापल्या खोलीत जायचं. सोहेल तसंच म्हणायचा, "ही तुझी खोली, ही माझी." ती तिच्या खोलीत फॉर्म भरायची. स्कॅनिंग त्याचं काम, ते त्याच्या खोलीतून व्हायचं.

सारं नळदुर्ग विंडोज वापरायचं, सोहेलच्या दुकानात लिनक्स. मित्र टोमणे मारायचे, "सोहेल्या, तुझं कॉम्प्युटर तुझ्यावानीच. दुसऱ्याचं ऐकतच न्हाय." पण त्याच्याकडं कारण होतं. स्कॅनर जुना होता. तो बनवणाऱ्या कंपनीनं नव्या विंडोजसाठी त्याला चालवणारा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, काढलाच नाही. लिनक्सवाल्यांनी मात्र कुठं कुठं बसून फुकटात तो लिहून ठेवला होता. यंत्र म्हातारं झालं म्हणून टाकून द्यायचं सोहेलच्या जिवावर यायचं.

दुसऱ्याच दिवशी शरणप्पा आला. हायवेला त्याचं पंक्चरचं दुकान. चपला बाहेर काढून दारातच उभा राहिला.

"भाभी, बोलू का नको आसं झालंय."

"बोला की अण्णा. आत या."

"आदल्या सांजेला मी सोहेलभाईकडं अव्वाचा फोटो दिल्ता. मोठा करायला. माज्यासमोरच त्यानं काचंवर ठिवला, झाकण लावलं, म्हनला उद्या घिऊन जावा."

आदल्या सांजेला. कशाच्या आदल्या, ते दोघांनाही माहीत होतं.

मिनाजनं स्कॅनरचं झाकण उचललं. फोटो तिथंच होता, पालथा. पाठ पिवळी पडलेली, एका कडेला बुरशीचे करडे ठिपके. तिनं नखानं कोपरा उचलून पाहिला. वाळलेल्या खपलीला हात लागावा तसा बारीक आवाज आला. तिनं नख काढून घेतलं.

"निघंना व्हय?"

"चिकटलाय, अण्णा. ओल लागून चिकटलाय."

"जरा ओढून बगा की."

"ओढला तर कागद हातात येईल. अव्वा काचेवरच राहतील."

शरणप्पा खाली बसला. बाकडं होतं, तरी जमिनीवर बसला.

"दुसरा फोटो नाही?"

"आधारवर हाय. पर त्यात अव्वा चोरावानी दिसती. सोमवारी पयलं पुण्यस्मरन हाय भाभी. पावणं-रावळं येनार. भिंतीवर चोर लावू व्हय?"

तो स्वतःच हसला आणि मग त्याला ते हसणं आवरेना. मिनाजनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

म्हणजे असं झालं होतं, की शरणप्पाच्या आईचा, रुद्रम्माचा, जगातला एकच धड फोटो काचेला तोंड लावून पालथा पडला होता, आणि वरून कुणालाही तिची पाठच दिसणार होती. चेहरा खालून दिसणार होता. खाली फक्त स्कॅनरचा दिवा होता.

*

स्कॅनर सापडला नाही.

वायर काढून पुन्हा लावली.

स्कॅनर सापडला नाही.

मिनाजनं मोबाइलवर शोधून काळ्या खिडकीत एक हुकूम टाइप केला: जोडलेली सगळी यंत्रं दाखव. यादी आली, तिच्यात स्कॅनर होता, अगदी नावानिशी. दुसरा हुकूम दिला: स्कॅन करता येतील अशी यंत्रं दाखव.

स्कॅनर सापडला नाही.

तारेवर आहे आणि तरी नाही. सासूबाई घरात सोहेलबद्दल असंच बोलत. त्याचं ताट वाढत आणि मग उचलून ठेवत.

तिनं सोहेलच्या नावावर टिचकी मारली आणि पासवर्ड टाकून पाहिले. त्याचं नाव, गाडीचा नंबर, लग्नाचं साल. शेवटी स्वतःचं नाव टाकलं, जरा थांबून, दार वाजवावं तसं. तेही चुकीचं निघालं. हे तिला वाटलं होतं त्याहून जास्त लागलं.

सोलापूरहून ओळखीचा टेक्निशियन येऊन गेला. उभ्या उभ्याच म्हणाला, "वहिनी, हे सगळं उडवू, विंडोज टाकू. तासाचं काम."

"आणि स्कॅनर?"

"भंगारात."

"त्यात एक बाई आहे," मिनाज म्हणाली. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि चहा न घेताच गेला.

तो गेला. समोरच्या गल्लीतून असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजची, अजान आली. मिनाज टेबलाला हात टेकून उभी होती. टेबल किंचित थरथरलं, स्कॅनरच्या पोटात घरघर झाली, आणि बंद झाकणाच्या फटीतून पांढरा उजेड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं सावकाश सरकत गेला. मग परत आला. मग विझला.

पडद्यावर मघाचंच वाक्य होतं. स्कॅनर सापडला नाही.

जैनोद्दीन दारात वजूच्या ओल्या हातांनी उभे होते. त्यांनीही पाहिलं.

"रोज हुतंय हे," ते हळू आवाजात म्हणाले. "शटरच्या फटीतून दिसायचं. म्या कुनाला बोल्लो न्हाय."

"अब्बा, घाबरू नका. त्यांनीच लावून ठेवलंय ते. दिवा जुना, तापायला वेळ घेतो. हे नमाजला जायचे तेव्हा मशीन आपोआप एकदा फिरायचं. परत येईपर्यंत तयार."

"आन् आता कुनासाठी तयार हुतंय?"

तेव्हा तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. ड्रायव्हर बिघडलेला नव्हता. ड्रायव्हर रोज काम करत होता. तो फक्त सोहेलचं ऐकत होता.

*

लिनक्समध्ये प्रत्येक यंत्राचा एक गट असतो. गटात नाव असेल तर यंत्र तुम्हाला दिसतं, नसेल तर तुमच्यापुरतं ते जगात नाही. ड्रायव्हर खोटं बोलत नव्हता. स्कॅनरच्या गटात सोहेलनं मिनाजचं नाव कधी घातलंच नव्हतं. मुद्दाम नव्हे. गरज पडली नव्हती. तो होता ना.

मालकाच्या पासवर्डशिवाय नाव घालायचं तर एक मागची वाट असते. कॉम्प्युटर उठत असताना अडवायचा आणि दुरुस्तीच्या दारातून आत शिरायचं. तिथं ना सोहेल असतो ना मिनाज. काळा पडदा आणि एक चौकटीची खूण, #. त्या खुणेपुढं जो बसेल तो सगळ्या घराचा मालक.

शरणप्पा बाकड्यावर बसून होता. शनिवार होता.

मिनाजनं बिस्मिल्ला म्हटलं आणि हुकूम टाइप केला. यंत्र म्हणालं, इथं लिहायला परवानगी नाही. तिनं मोबाइल पाहिला, आधी लिहायची परवानगी दिली, मग पुन्हा. या वेळी यंत्र काहीच म्हणालं नाही. लिनक्समध्ये काही म्हणालं नाही म्हणजे झालं.

त्या खुणेपुढं सोहेलची खोलीही उघडीच होती. एका ओळीचं काम. ती गेली नाही. दुसऱ्याच्या खोलीत विचारून जातात.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. आपल्या नावावर टिचकी मारली.

एक स्कॅनर सापडला.

"सापडला!" शरणप्पा ओरडला. "भाभी, सापडला म्हनतंय!"

उजेड सरकला. पडद्यावर वरून खाली चित्र उतरू लागलं. आधी पदर, मग कपाळ. पांढरी विभूती, तीन बोटं ओढलेली. मग एक डोळा.

मग काही नाही. डोळ्याच्या खाली करडं जाळं. गाल नाही, ओठ नाहीत. पाऊसकाळानं अव्वा अर्धी खाल्ली होती.

शरणप्पानं पडद्याला हात लावला, आणि लगेच काढून घेतला, भाजल्यासारखा.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "चोरच लावतो."

मिनाजला झाकणाच्या फटीतला उजेड आठवला. रोज असरला मशीन फिरत होतं. फिरत होतं म्हणजे बघत होतं. बघितलेलं कुठंतरी ठेवत असणार.

तिनं कॉम्प्युटर पुन्हा अडवला.

*

सोहेलच्या खोलीत एक फोल्डर होता, त्यात चित्रं. तिनं ती आपल्या खोलीत आणली, शेवटचं उघडलं आणि मागं जायचं बटण दाबत राहिली.

काल. एक डोळा, विभूती.

दसरा. एक डोळा, नाकाचा शेंडा.

पितरपाठ. नाक आलं. नथ आली.

पोळा. करडं जाळं गालाच्या कडेला सरकलं.

नागपंचमी. ओठ. घट्ट मिटलेले. फोटोवाल्यानं हलू नका म्हटलं असणार.

बेंदूर. दुसरा डोळा उघडला.

शरणप्पा उभा राहिला होता. मिनाजचं बोट थांबेना. मागं, मागं. प्रत्येक असरला रुद्रम्मा जरा जास्त होत होती. गळ्यातलं लिंग आलं. हनुवटीवरचं गोंदण आलं. बुरशी कडेला गेली, आणि मग नव्हतीच.

"अव्वा," शरणप्पा म्हणाला. पडद्याला नव्हे. नुसतंच.

एक चित्र उरलं होतं. सगळ्यांत पहिलं. मिनाजनं बटण दाबलं.

बाकी साऱ्या चित्रांत फोटोभोवती पांढरं होतं, झाकणाचं. याच्यात फोटोभोवती काळं होतं. झाकण उघडं असलं की काचेपलीकडचं काळं येतं. रुद्रम्मा सबंध होती, सगळ्यांत स्वच्छ, कालच न्हाऊन बसल्यासारखी. आणि खालच्या कोपऱ्यात, वाकलेला कागद काचेवर सपाट दाबून धरणारा एक अंगठा होता. काचेला टेकून पांढरा पडलेला. अंगठ्याच्या पोटावर तिरपी खूण. पेपर कटरची. ती जखम बांधताना मिनाजनं स्वतः तिच्यात हळद भरली होती, आणि सोहेल नाटकी कण्हला होता.

तिनं चित्राची तारीख वाचली. मृगाच्या तोंडची, तीच. मग वेळ वाचली. असरची. मग पुन्हा तारीख.

"भाभी? काय झालं?"

"काही नाही, अण्णा."

"ह्योच द्या. ह्यो लई ब्येस हाय. त्ये बोट कुनाचं हाय?"

"दुकानाचं."

"कापा म्हंजे झालं."

त्याच्या आधी पाहिलेलं चित्र, म्हणजे दुसऱ्या दिवशीचं, तेही चांगलंच होतं. ते देता आलं असतं. पण शरणप्पाला हेच हवं होतं, आणि त्याचं खरं होतं. मिनाजनं चौकट ओढली. कोपऱ्यापाशी तिचा हात बराच वेळ अडला. अंगठा फोटोच्या कडेवर होता. तो काढायचा तर रुद्रम्माच्या पदराची एक किनार जाणार होती. तिनं किनार जाऊ दिली.

प्रिंट निघाली तेव्हा शरणप्पानं ती दोन्ही हातांत आडवी धरली, पाण्याचं भांडं धरावं तशी, आणि हायवेकडं चालत गेला. पैशाचं विचारायचं विसरला. तीही विसरली.

जैनोद्दीन आत आले. "ह्ये रोजचं फिरनं आता बंद कर बेटी. मला बगवत न्हाय."

मशीनला रोज फिरवणारी ओळ कुठं आहे हे तिला आता माहीत होतं. ती त्या ओळीपाशी गेलीही. अजान सुरू झाली. तिनं ओळ तशीच ठेवली, स्कॅनरचं झाकण उघडलं, आणि पालथ्या रुद्रम्माच्या शेजारी रिकाम्या काचेवर आपला तळवा ठेवला. काच गार होती. खालून घरघर सुरू झाली आणि उजेड तिच्या बोटांकडं यायला लागला. तिनं डोळे मिटले नाहीत.

सोहेल त्या चित्राच्या दिवशी सकाळीच वारला होता, दुकान उघडायला येताना, शटरला हात लावायच्या आधी.