डूख धरलेलं चाक

मित्रांनो, मी एक जुनं चाक आहे. शर्यतीच्या सायकलचं, मागचं. कौतुक सगळं पुढच्या चाकाचं होतं, कारण शेवटच्या रेषेला ते आधी लागतं. ओझं मात्र मागचं चाक ओढतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मी अशी चिडकी का, ते पुढे विचारायला नको.

मला ताईने बांधलं. ताईचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं आणि तिची धाकटी बहीण शर्यती खेळायची. ताई एकेक तार ओवायची, बोटाने छेडून तिचा आवाज ऐकायची, किंचित पिळायची आणि मला गरगर फिरवून कुठे लचक राहिली का ते पाहायची. तिने मला धाकटीच्या सायकलला बसवलं, तेव्हा दोघी बहिणी नुसत्या माझ्याकडे पाहून हसल्या होत्या.

पुढे धाकटी एका मोठ्या संघात गेली. तिथे तिचं काम जिंकणं नव्हतंच. संघाच्या कप्तानबाईंच्या पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, त्यांना पाण्याच्या बाटल्या पोचवायच्या, आणि त्यांचं चाक पंक्चर झालं नि सामानाची गाडी लांब असली, तर आपलं चाक काढून द्यायचं. हा या खेळाचा रिवाजच आहे आणि रिवाजावर माझा राग नाही. साहेब, म्हणजे संघाचे मॅनेजर, गाडीत बसून उंटावरून शेळ्या हाकायचे. त्यांचा आवाज सगळ्यांच्या कानातल्या यंत्रात घुमायचा.

एका वर्षी शर्यत धाकटीच्याच गावच्या घाटातून गेली. आदल्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर शब्द दिला की उद्याची शर्यत धाकटीची, कप्तान तिला साथ देईल. धाकटी अशी चढली की मागे फक्त कप्तानबाई उरल्या. माथा दिसू लागला आणि कप्तानबाईंचं मागचं चाक पंक्चर होऊन बसलं.

कानात साहेब म्हणाले, "तुझं चाक दे तिला. तुझ्यासाठी गाडी येतेच आहे मागून."

"सर, आजचा दिवस माझा होता ना?"

"वाद नको. दे."

धाकटीने मला काढून दिलं. मित्रांनो, माझ्या तारा तेव्हा तुटल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ताईचं काम चोख होतं. शेवटच्या वळणावर ताई उभी होती. तिने मला लांबूनच ओळखलं आणि टाळ्या वाजवायला लागली. मग तिची नजर वर गेली. सायकलवर चेहरा दुसराच होता. टाळ्या वाजवायला उचललेले तिचे हात तसेच राहिले. त्याच क्षणी मी डूख धरला.

कप्तानबाई जिंकल्या. आयत्या बिळावर नागोबा! माइकसमोर म्हणाल्या, आज मी एकटीने खेचलं. मागून येणारी गाडी धाकटीजवळ थांबलीच नव्हती, ती कप्तानबाईंच्या मागे धावली होती. धाकटी सायकल खांद्यावर टाकून चालत माथ्यावर आली. तिने मला परत मागितलं, तर साहेब म्हणाले, ते आता संघाचं आहे. पुढच्या हंगामात तिला संघातून काढलं. गरज सरो, वैद्य मरो.

मी साहेबांच्या सायकलींच्या शोरूमच्या भिंतीवर गेले. खाली कप्तानबाईंचा फोटो. माझा दर्शनी भाग रोज पुसला जायचा, भिंतीकडच्या बाजूला कोळी नांदायचे. हवा नाही, तेल नाही. टायर टाचेसारखा भेगाळला. मी मात्र वाट पाहत होते. भिंतीवर दुसरं काम तरी काय असतं?

एक दिवस त्याच घाटात जुन्या खेळाडूंची फेरी ठरली. कप्तानबाई म्हणाल्या, मी माझ्या त्या विजयी चाकावरच येणार. मला फडक्याने चकाचक केलं आणि वरवर हवा मारली. तपासलं कुणी नाही. फेरीत धाकटीही होती, ताईने बांधलेल्या नव्या चाकावर.

माथा दिसू लागला तशी मी हवा सोडली. एकदम नव्हे, हळूहळू. आधी कप्तानबाईंना वाटावं की आपले पायच संपले. मग ठणठण करत मी थेट दगडांवर बसले.

साहेब मोटरसायकलवर भोंगा घेऊन होते. सवयीने भोंग्यातून म्हणाले, "अगं, चाक दे तिला तुझं."

धाकटी थांबली. तिचा हात सवयीनेच मागचं चाक सोडवायच्या खटक्याकडे गेला. माझा जीव टांगणीला लागला. मग तो हात परत वर आला आणि तिने हँडल धरलं.

"नाही सर," ती शांतपणे म्हणाली. "थांबू दे तिला. गाडी येतेच आहे मागून."

आणि ती निघाली. वळणावर ताई होती. या वेळी तिने आधी चेहरा पाहिला, मग टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला खालपर्यंत ऐकू आल्या. कप्तानबाई मात्र उन्हात उभ्या होत्या, एका हातात सायकल, दुसऱ्या हातात हेल्मेट.

आता मी शोरूमच्या मागे भंगारात आहे, वाकडीतिकडी. तरी मजेत आहे. मित्रांनो, चाकाची निगा राखा, हवा भरा, तेल घाला. आणि कुणाचं चाक अडीनडीला घेतलंत, तर त्याचं नाव चारचौघांत घ्या आणि त्याची वस्तू त्याला परत द्या. विसरलात तरी हरकत नाही. आम्ही विसरत नाही.