लोवेलनं कापून टाकलेलं रानफूल

मित्रांनो, मला तण म्हणालात तरी मी चिडणार नाही. फक्त माझी हकीकत ऐकल्याशिवाय विळा उचलू नका.

मी अमेरिकेतल्या आयोवाच्या गवताळ रानातलं जुनं फुलझाड आहे. माझ्या पानांच्या कडा उत्तर-दक्षिण रोखलेल्या असतात, म्हणून लोक मला होकायंत्राचं झाड म्हणतात. नांगर आले, आमचं रान मक्याखाली गेलं. आम्ही उरलो ते जुन्या दफनभूमीत, कारण तिथे नांगर चालत नाही. तिथूनच आर्डिस नावाच्या म्हातारीनं माझं बी खिशात घालून आणलं. तिची आई तिथे पुरलेली आहे.

आर्डिसनं मला अंगणात, भरपूर उन्हाच्या जागी, हिवाळ्याच्या तोंडावर पेरलं. बर्फाखाली गारठल्याशिवाय मी उगवतच नाही. पुढे खत नाही, रोजचं पाणी नाही, फक्त भोवतालचं गवत ती उपटायची. सहा वर्षं मी नुसती पानं दाखवली. येणारे-जाणारे हसायचे. हसेनात का! मी खाली मूळ सोडत होतो, दोन माणसं एकावर एक उभी राहतील इतकं खोल. पाया पक्का झाल्याशिवाय मिरवायचं नाही, हा आमचा बाणा.

आर्डिसला मात्र धीर नव्हता. तिचं वय एक्याऐंशी. लहानपणी आई तिला माझ्या जातीच्या झाडाचा डिंक चघळायला काढून द्यायची, आणि तो डिंक फक्त फुलणाऱ्या दांड्यावरच येतो. "मी जायच्या आधी एकदा तरी दे रे बाबा," ती मला म्हणायची.

सातव्या वर्षी जूनमध्ये माझा दांडा तिच्या कमरेला लागला. त्याच आठवड्यात ती पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडून दवाखान्यात गेली.

आमच्या गावात शेजारी आजारी पडला की त्याच्या अंगणातलं गवत न सांगता कापून देतात. शेजारी लोवेल भला माणूस. तो आपलं गवत कापायचं यंत्र घेऊन आला, शीळ घालत बसला त्यावर आणि मला जमीनदोस्त करून गेला.

तीन आठवड्यांनी आर्डिस चार पायांचा वॉकर टेकत परत आली. माझी मोकळी जागा पाहून तिनं शेजारी हाक मारली.

"लोवेल! काय केलंस हे?"

"तुझं अंगण साफ केलं की! केवढं तण माजलं होतं."

"तण? अरे, सात वर्षं जपलं मी त्याला! आता पुन्हा कुठली सात वर्षं आणू?"

लोवेलचा चेहरा खर्रकन उतरला. दुसऱ्या दिवशी तो खताची पिशवी आणि पाण्याची नळी घेऊन हजर. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी. माझी मुळं गुदमरायला लागली, मित्रांनो! शेवटी आर्डिस ओसरीवरून ओरडली, "बंद कर ते पाणी! यंत्रानं मेलं नाही ते तू लाडानं मारशील."

"मग करू तरी काय मी?"

"काहीही करू नकोस. तेवढंच तुला जमत नाही."

त्यानं माझ्याभोवती चार खुंट्या ठोकल्या, दोरी बांधली आणि हात मागे घेतले. माझं काय, वरचं गेलं होतं, खालचं सगळं शाबूत होतं. पंधरा दिवसांत मी पान काढलं. पण दांड्याला पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहावी लागणार होती, आणि आर्डिस तोवर टिकेल का याची मला खरंच धास्ती वाटत होती.

ती टिकली. पुढच्या जुलैत मी लोवेलच्या डोक्यावरून वर गेलो आणि पिवळ्याधमक फुलांनी भरलो. दांड्यावर डिंकाचे थेंब साकळले. आर्डिसनं एक खरवडून तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाली, "आई गं, तीच चव!" तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

लोवेलनंही मोठा तुकडा तोंडात टाकला. त्याची कवळी डिंकात अशी रुतली की त्याला बोलता येईना. "बरं झालं," आर्डिस हसत म्हणाली, "माझ्या झाडानं उट्टं काढलं!"

मित्रांनो, मला उचलून दुसरीकडे लावू नका, पाण्यात बुडवू नका. ऊन द्या आणि वाट पाहा. आणि कापण्याआधी एकदा विचारा, "हे कुणी लावलंय?" लोवेल आता प्रत्येक अंगणात शिरताना यंत्र बंद करून हेच विचारतो.