पहिल्या वर्गाचं सर्टिफिकेट

दिवाणजींनी खुर्ची पुढं सरकवली तेव्हाच पितांबरच्या मनात पाल चुकचुकली. अकरा वर्षं तो धरणगावच्या कापसाच्या जिनात बायलर चालवत होता आणि अकरा वर्षांत ऑफिसात कुणी त्याला बस म्हटलं नव्हतं.

"अरे, दुसऱ्या वर्गात किती दिवस कुजणार? पहिल्या वर्गाच्या परीक्षेला बस. फॉर्म मी भरलाय. मिस्त्री होशील."

दुसऱ्या वर्गाच्या माणसाला लहान बायलर. मोठ्याला पहिल्या वर्गाचा माणूस हवा, आणि त्याचं सर्टिफिकेट बायलरपाशी भिंतीला टांगलेलं हवं. कायदाच तसा. आणि धरणगावात मोठा बायलर नव्हताच.

घरी त्याची आई बेबाबाई म्हणाली, "फुकटना गूळ मुंगीले बी पचत नई. पन परीक्षा तुनी शे ना? दे. मंग देखू."

तो जळगावला गेला. मुंबईहून आलेल्या साहेबानं विचारलं, "बायलरच्या काचेतलं पाणी दिसेनासं झालं, खाली आग धडधडतेय. काय करशील?"

"पाणी सोडणार नाही, साहेब. तापल्या पत्र्यावर पाणी पडलं की बायलर फुटतो. आधी आग बाहेर ओढीन."

साहेबानं आणखी दोन प्रश्न विचारले आणि मान डोलावली. एवढंच? परतताना पितांबरच्या डोक्यात किडा वळवळत राहिला. मला येतं म्हणून पास केलं, की दिवाणजींनी आधीच कानात काही सांगितलं?

पंधरा दिवस गेले. हंगाम सुरू व्हायचा तो सुरू झाला, सर्टिफिकेटाचा पत्ता नाही. दिवाणजी म्हणत, "येईल, येईल." शेवटी जिनातल्या सुताराला, पुनाला, त्यानं गाठलं.

"तुना कागद?" पुना हसला. "तो ते कवाच उना. काचनी चौकट मीच करी. परवानी गाडीवर भडगावले गई. तुले सांगं नई का?"

भडगावला त्याच मालकाचं दुसरं जिन होतं, दिवाणजीही तेच. तिथला मोठा बायलर गेल्या साली सांध्याशी गळला होता, हे पितांबरनं ऐकलं होतं. म्हणजे नाव पितांबरचं, हात दुसऱ्याचा, आणि उडाला तर बेड्याही पितांबरला! शिकल्यासवरल्यांना कागद म्हणजे मान. मालकाला कागद म्हणजे ढाल, आणि ढालीला माणूस बांधलेला असला तर उत्तमच.

दुसऱ्या सकाळी पहिल्या मोटारीनं तो भडगावला उतरला. बायलरघरात वना नावाचा माणूस लाकडं सारत होता. त्याच्यामागं भिंतीवर, नवीन काचेत, पितांबरचं नाव. पितांबरनं आधी झडप पाहिली. वाफ जास्त झाली की ती आपोआप उघडायला हवी. इथं ती उघडूच नये म्हणून तिच्या दांडीला तारेनं दोन विटा बांधल्या होत्या.

"हे कोणी बांधं?"

"दिवाणजीनी. वाफ कमी पडस म्हने. तू कोन?"

पितांबरनं भिंतीकडं बोट केलं. वनाचं तोंड उतरलं.

पितांबरनं तार तोडली. झडप किंचाळत उघडली, बायलरघर वाफेनं भरलं. मग त्यानं लांब आकडा घेऊन निखारे ओढून बाहेर टाकले. पलीकडं जिनाचे पट्टे मंदावत थांबले. माणसं ओरडत धावत आली, तोवर त्यानं चौकट काढून काखेत मारली होती.

वना त्याच्या आडवा आला. "मना पोटवर पाय देवाले उना का? एक कागदसाठे?"

"कागदसाठे नई. सांधा फुटता ते तू मरता, मी जेलमा जाता."

"मंग मी काय खाऊ?"

दिवाणजी आता पितांबरला जिनात ठेवणार नव्हते. त्याला ते इथंच कळून चुकलं होतं.

"पुढली परीक्षाले तू बस. मी तुले शिकाडसू. फॉर्म बी भरी देसू."

वनानं त्याला खालून वर पाहिलं. नजर बारीक झाली. ती नजर पितांबरनं ओळखली. दिवाणजींनी सरकवलेल्या खुर्चीत बसताना ती त्याची स्वतःची होती.

"यामा तुना काय फायदा शे?" वनानं विचारलं.

पितांबरनं चौकट काखेत घट्ट धरली. "काचमधलं पानी दिसत नई, खाले आग पेटेल शे. काय करशी?" त्यानं विचारलं.