दहा मिनिटांचा बाक

बसण्याआधी लोक माझ्यावरून हात फिरवतात आणि दचकतात. बोटाला एक खाच लागते. मित्रांनो, ती खाच दोराची आहे. आज मी मीरा रोडच्या एका इमारतीमागचा बाक असले, तरी मुळात मी एक जुनी फळी आहे. होडीची फळी.

उत्तनजवळच्या चौक गावात, भर किनाऱ्यावर माझा जन्म झाला. नाथा सुताराने सागाचा मोठा ओंडका कापला, मला तासलं, वाफेवर वाकवलं आणि मोझेसच्या नव्या होडीच्या कडेला बसवलं. फटीत कापूस भरला. मग माशाचं तेल! पोट भरून, तीन वेळा. मला तर गुदमरायलाच झालं होतं. पण त्या तेलानेच पुढे खारं पाणी माझ्यात शिरू दिलं नाही.

दर हंगामाच्या सुरुवातीला फादर येऊन आमच्यावर आशीर्वादाचं पाणी शिंपडायचे. मोझेसची बायको बर्नडेट माझ्यावर झेंडूची माळ बांधायची. जाळ्याचा दोर वर्षानुवर्षं एकाच जागी घासला आणि मला खाच पडली. एकदा वादळातून परत आल्यावर मोझेसने माझ्यावर थाप मारली आणि म्हणाला, "टिकली हाय पोरी!" तेवढं एक कौतुक मला पंचवीस वर्षं पुरलं.

मग मोझेसने मोठी होडी घेतली. आम्हाला मोडलं. बाकीच्या फळ्या चुलीत गेल्या. मी तेवढी घरामागे पडून राहिले. माझ्यावर कोंबड्या बसत. माझं एक टोक हळूहळू वर उचललं गेलं. तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

बर्नडेट मीरा रोडला मासे विकायला जाते. तिथल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर राहणारी निशिगंधा हे तिचं नेहमीचं गिऱ्हाईक. निशिगंधा आणि तिचा नवरा स्वप्नील दादरच्या एका खोलीतून इथे आले होते. त्यांची मुलगी अनुष्का तेव्हा साडेतीन वर्षांची होती. घर मोठं झालं, पण त्याच घरातून एकदा अनुष्का उघड्या दारातून एकटीच बाहेर चालत गेली. दहा मिनिटांनी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे सापडली, गोळ्यांच्या बरण्या बघत उभी. त्या गोष्टीला वर्ष झालं होतं. पोरीला काही आठवत नव्हतं. आईला मात्र त्या दहा मिनिटांतलं प्रत्येक मिनिट पाठ होतं.

तेव्हापासून निशिगंधाचे डोळे मिटत नव्हते. आंघोळीला गेली तरी दार अर्धं उघडं. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, "औषध नको. रोज दहा मिनिटं उघड्या हवेत डोळे मिटून शांत बसा. फक्त दहा."

म्हणून स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी, कंपाउंडच्या भिंतीपर्यंत जी चिंचोळी जागा होती, ती तिने साफ केली. भिंतीला बांबूची चटई लावली. गळक्या बादलीत अळू, डालडाच्या डब्यांत तुळस आणि गवती चहा. एका कोपऱ्यात पक्ष्यांसाठी पाण्याचं मडकं. बाहेरच्या छोट्या फाटकाला दोन कड्या. बसायला बाक तेवढा हवा होता.

"इकत कशाला घेते, बाय?" बर्नडेट म्हणाली. "आमच्या होडीची फळी पडली हाय. ने."

अशी मी टेम्पोतून आले. विटांच्या दोन खांबांवर मला ठेवलं. उचललेल्या टोकावर कुणी बसलं की मी करकरायचे. पण मला किती आनंद झाला होता! पुन्हा कुणीतरी माझ्या भरवशावर बसणार होतं.

आणि तिसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं.

मित्रांनो, पंचवीस वर्षं अंगात मुरलेलं माशाचं तेल उन्हात काय करतं, हे शहरातल्या माणसांच्या लक्षातच आलं नव्हतं. दुपारपर्यंत माझ्याभोवती पाच मांजरं जमली. एक मला चाटत होतं. संध्याकाळी निशिगंधा मांडी घालून बसली, तर समोर पाच जण तिच्याकडे टक लावून, जेवण कधी वाढणार अशा चेहऱ्याने.

पहिल्या मजल्यावरून हंसाबेनने खिडकीतून डोकं काढलं. नाकाला पदर. "निशिगंधा, ध्यान कर रही हो के बोंबिल सुखा रही हो?"

निशिगंधा हसली, पण तिचे डोळे भरून आले. स्वप्नील म्हणाला, "उद्या भंगारवाल्याला देऊन टाकू ही. प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या आणतो."

त्या संध्याकाळी मी मनातल्या मनात बाकीच्या फळ्यांना हाक मारली. चुलीत गेलेल्यांना.

दुसऱ्या दिवशी मासे घेऊन आलेल्या बर्नडेटने सगळं ऐकलं आणि टोपली खाली ठेवून पोट धरून हसली. "अगं, धुतली न्हाय का? तशीच बसली? चिंचेनं घास, राख लाव, आठ दिस उन्हात उलटीपालटी कर. मंग बग."

स्वप्नीलने आठ दिवसांची मुदत दिली. निशिगंधा रोज काथ्या घेऊन बसायची. अनुष्का शेजारी, स्वतःचा वेगळा काथ्या घेऊन. तिने माझ्यापेक्षा स्वतःच्या गुडघ्यांना जास्त चिंच लावली. नवव्या दिवशी हंसाबेन स्वतः खाली आल्या, वाकून मला हुंगलं आणि म्हणाल्या, "हां, अब ठीक छे." मांजरं चार गेली. एक कानफाट्या बोका राहिला. तो बहुधा मैत्रीखातर राहिला असावा.

मी वाचले. पण निशिगंधाचं काय?

ती बसायची, डोळे मिटायची आणि एक, दोन, तीन मोजायची. सातला डोळे उघडायचे. फाटकाच्या कड्या बघायच्या, पोरगी बघायची, पुन्हा एकपासून. तिची बोटं माझी कड इतकी घट्ट धरायची की वादळात मोझेसने सुद्धा तशी धरली नव्हती.

एकदा बर्नडेटने ते पाहिलं. माझ्या खाचेवर हात ठेवून ती म्हणाली, "धुक्यात आमाला होडी दिसत न्हाय, बाय. डोळे ताणून काय होणार? आमी कान लावतो. मोझेसच्या होडीचं मशीन मी झोपेत पण वळखते. आवाज आला का जीव जाग्यावर."

त्याच आठवड्यात निशिगंधाने नया नगरच्या बाजारातून घुंगरांचे पैंजण आणले. अनुष्का अंगणभर छुमछुम फिरू लागली. आईचे डोळे मिटलेले, कान उघडे. सातचे वीस झाले, विसाचे साठ.

एका रविवारी स्वप्नील हातोडी घेऊन आला. "हिची करकर तरी बंद करतो. तुला शांतता नको का?"

"खिळा नको!" निशिगंधा म्हणाली. "गंजेल. अनूला लागेल. धनुर्वात होतो माहितेय ना?"

"बरं बाई, करकरू दे," म्हणत तो गेला. तिच्या काळजीने माझं अंग वाचलं.

आणि मग तो दिवस आला. सकाळची वेळ होती. वरती हंसाबेनचा कुकर, पलीकडे नव्या इमारतीची ठोकठोक. निशिगंधा डोळे मिटून बसली होती. छुमछुम इकडून तिकडे जात होती.

छुमछुम थांबली.

निशिगंधाची बोटं माझ्या कडेवर आवळली. मला ठाऊक होतं, अनुष्का माझ्या खालीच होती. बोक्याशेजारी उकिडवी बसली होती आणि तिचे केस मला खालून गुदगुल्या करत होते. पण मला सांगता कुठे येतं? मी लाकूड. निशिगंधाच्या पापण्या थरथरल्या. जरा जरी उघडल्या असत्या, तर ती पुन्हा सातवर आली असती.

तेवढ्यात दोन छोटे तळवे माझ्या उचललेल्या टोकावर पडले, मग पोट, मग एक गुडघा.

मी करकरले. आयुष्यात कधी करकरले नसेन इतक्या जोरात.

निशिगंधाची बोटं सैल झाली. पापण्या तशाच मिटलेल्या राहिल्या.

"आई, झोपलीस?"

"नाही गं."

"मग मी पण नाही झोपत," असं म्हणून अनुष्काने डोळे घट्ट मिटले. त्या दिवशी दहा मिनिटं पूर्ण झाली. पाच-सहा जास्तच.

मित्रांनो, आता माझ्या कडा झिजल्या आहेत. वर्षातून एकदा मला तेल मिळतं, जवसाचं. माशाचं नको म्हणून हंसाबेन स्वतः आणून देतात. तुमच्याही घरामागे कुठे माझ्यासारखी वाकलेली फळी पडली असेल, तर चुलीत घालण्याआधी तिच्यावर एकदा बसून बघा.

आणि घरात कुणी डोळे मिटून बसलं असेल, तर त्यांना हाक मारू नका. फक्त जवळून जाताना पावलं थोडी वाजवा.