करतो की करू शकतो

माणसं मोजायला निघालेल्या माणसांचा मला पहिल्यापासून राग.

जळगावच्या एका केंद्रात अर्धांगवायू झालेल्यांना पुन्हा चालतं करायचं काम मी करायचो. खर्च मुंबईचा एक ट्रस्ट द्यायचा. त्र्याण्णव साली ट्रस्टला शहाणपण सुचलं. जुन्या तक्त्यात रोगी काय 'करू शकतो' ते लिहायचं असे; आता नवा तक्ता आला, त्यात तो रोज काय 'करतो' ते लिहायचं. गुण कमी पडले तर उपचार वाढवून मिळणार, जास्त पडले तर घरी. एकाच रोग्यावर दोन्ही तक्ते ताडून बघायला ट्रस्टचे साहेब आले.

रोगी होते सावद्याचे तोताराम नाना, केळीवाले. भिंत धरून चालायचे, पण उजवा पाय फरफटत होता. शेताच्या बांधावर गेले असते तर आडवेच झाले असते, आणि उचलायला घरी एकट्या मंजुळाबाई. अजून सहा आठवडे उपचार त्यांना हवेच होते.

जुन्या तक्त्यात नाना पास झाले. जेवू शकतात, अंघोळ करू शकतात. म्हणजे उद्या घरी.

मग साहेबांनी नवा तक्ता काढला आणि मंजुळाबाईंना विचारलं, "हे आपल्या हाताने पाणी घेतात?"

"नही."

"अंघोळ?"

"मी घालते."

"कपडे?"

"मीच देते काढून."

"कधीपासून?"

"लगन झाल्यापासून."

तक्त्यात लग्नाचा रकाना नव्हता. साहेबांनी सगळीकडे शून्य घातलं. नाना सत्काराला बसल्यासारखे बसले होते. नवऱ्यांच्या ऐदीपणाचं मला जन्मात पहिल्यांदा कौतुक वाटलं.

सहा आठवड्यांवर सही तेवढी राहिली होती. साहेबांसाठी आणलेल्या मिरचीच्या भज्यांतलं एक मंजुळाबाईंनी खुशीत तोंडात टाकलं आणि त्यांना जबर ठसका लागला. श्वास मिळेना, डोळे फिरले. मी उठेपर्यंत नाना उठले होते. भिंत न धरता, पाय ओढत ते माठापाशी गेले, डाव्या हाताने पेला भरला आणि निम्मं पाणी सांडत परत आले.

"घे, पे," ते म्हणाले.

साहेब हरखले. "चालतात, पाणी घेतात, दुसऱ्याला देतातसुद्धा!" त्यांनी शून्यं खोडली आणि नानांना सुट्टी लिहून दिली. दोन्ही तक्त्यांचं एकमत झालं, याचा त्यांना फार आनंद होता.

मंजुळाबाईंनी पेला रिकामा केला. "जन्मात कधी उठले नही," त्या नानांना म्हणाल्या, "अन आजच उठाचं सुचलं तुम्हाले?"

"तू मरू राह्यली होती ना."

"मंग मरू द्याचं होतं. सहा आठवडे भेटू राह्यले होते."

मंजुळाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि रिकामा पेला नानांपुढे धरला.

"सुट्टी झालीच आहे, तं अजून एक आना."