न जाणारा नळ

खडकदऱ्याच्या दूध संस्थेच्या चेअरमन छबुबाई हॉलंडला निघाल्या, ही बातमी मांजरसुंब्याच्या ढाब्यावर पोचली तेव्हा तिथला चहावाला म्हणाला, "हॉलंडला कावून? तिथं पाव्हणे हायत का त्यांचे?" पाहुणे कुठले! जिल्ह्याच्या दूध संघानं अभ्यास दौरा काढला होता आणि त्यात खडकदऱ्याचे चेअरमन आणि व्हाइस चेअरमन अशा दोघांची नावं होती.

व्हाइस चेअरमन म्हणजे मोहनराव. आधी खुर्ची त्यांचीच होती. ती बाईसाठी राखीव झाली म्हणून गेली, आणि गेलेली खुर्ची त्यांच्या पोटात अजून दुखत होती. त्यात छबुबाईंनी बसल्याबसल्या संस्थेच्या अंगणात जनावरांसाठी हौद बांधला. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. गावात आठवड्यातून एकदा नळ यायचा, तोही करंगळीएवढा. संस्थेचा टँकर हौद भरायचा आणि साऱ्या गावची गुरं त्यावर जगायची.

"संस्था दुधाची हाय, पाण्याची न्हाई," असं मोहनरावांचं म्हणणं.

"पाणी न्हाई तर दूध काय आभाळातून पडतंय का, भावजी?" असं छबुबाईंचं.

निघायच्या आदल्या दिवशी मोहनरावांनी आडपडदा ठेवला नाही. "वैनी, तिकडं एक जरी गडबड केली, संस्थेची लाज गेली, तर आल्याबरुबर सभेत अविश्वासाचा ठराव आणीन. मेंबर तयार हायत माझे. मग खुर्चीबी गेली आन् हौदबी."

खुर्चीचं छबुबाईंना एवढं काही नव्हतं. पण हौद आटला तर लोक गुरांना बाजार दाखवतील, हे त्यांना ठाऊक होतं. तिकडं कशाला हात लावायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही, खाली मान घालून जायचं नि यायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

मुंबईच्या विमानतळावरच ते मोडलं. तपासणीच्या रांगेत एका वर्दीवाल्या पोरीनं त्यांची पाण्यानं भरलेली स्टीलची बाटली वर धरली आणि शेजारचं पिंप दाखवत म्हणाली, "हे ओतून टाका."

"पाणी? ओतून?" छबुबाईंना वाटलं पोरगी थट्टा करतेय. "आगं, टँकरमागं पळून भरलंय ते!"

"आपा, इथून पाणी नेता येत न्हाई," मागून पाशाभाई म्हणाले. पाशाभाई बीडचे, संघाची दूध गार करायची मशिनं दुरुस्त करणारे. हजला जाऊन आल्यामुळं दौऱ्यात विमानतळाचे जाणकार तेच. "हजला गेलतो तवा माझीबी बाटली अडवलती."

ओतायला छबुबाईंचा हात काही वळेना. त्यांनी दोन घोट स्वतः घेतले, मग पाशाभाईंच्या ओंजळीत धार धरली, मग मागच्या एका लेकुरवाळीला पाजलं, मग सुटाबुटातल्या एका साहेबाला. साहेब आधी बावचळला, मग टाय बाजूला धरून वाकला. रांग हसायला लागली. शेवटचा घोट त्यांनी मोहनरावांपुढं केला. मोहनरावांनी तो घेतला, पण घोटाबरोबर म्हणाले, "झाली सुरवात."

वाटेत दुबईला विमान बदलायचं होतं. तिथला विमानतळ म्हणजे जत्राच, फक्त धूळ नाही आणि पाळणेही नाहीत. सरकत्या पट्ट्यावर माणसं उभ्याउभ्या पुढं जात होती. सोन्याच्या दुकानांसमोर छबुबाई फार रेंगाळल्या नाहीत. त्या रमल्या बायकांच्या मोरीत. तिथल्या नळाला चावीच नव्हती. हात धरला की पाणी, हात काढला की बंद. त्यांनी चारदा हात धरून बघितला आणि प्रत्येक वेळी नळ शहाण्या लेकरासारखा वागला.

"पाशाभाई, ह्यो नळ दुष्काळ बघून आलेला दिसतोय," बाहेर येऊन त्या म्हणाल्या. पण संडासात कुणी न सांगता धो धो पाणी सुटलं, त्याला मात्र त्यांनी चांगलंच फैलावर घेतलं होतं.

हॉलंडच्या एका लहानशा शहरात त्यांचं हॉटेल होतं. दाराला कुलूप नाही, एक पत्त्यासारखं कार्ड दाखवायचं. पलंगावर इतक्या उशा, की त्यांत अख्खं घर झोपलं असतं. आणि न्हाणीघरात पांढराशुभ्र टब, म्हशीला बसता येईल एवढा. छबुबाईंनी तोटी सोडली. मनगटाएवढी धार पडली. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. हात लावायचा नाही वगैरे कुठल्या कुठं गेलं.

पाणी आलंय म्हटल्यावर भरायचं, एवढंच खडकदऱ्याच्या बाईला कळतं. उद्या येईल न येईल. त्यांनी टब भरला, मग चहाची किटली, पेले, बर्फाचं भांडं आणि कचऱ्याची बादली घासूनपुसून तीही. धुळीचं नको म्हणून टबावर मोठा टॉवेल पांघरला आणि मग कुठं त्यांना शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी त्या गोठे बघून आल्या. गाईंना खाजवायला गोल फिरणारे ब्रश होते. सोबतच्या दुभाषी पोरीनं तिथल्या शेतकऱ्याचं म्हणणं सांगितलं, की ह्या देशाची जमीन समुद्राच्या खाली आहे, आणि यांची सगळी हयात पाणी बाहेर काढण्यात जाते. हे ऐकून सगळे चेअरमन एकमेकांकडे बघत राहिले.

संध्याकाळी जेवणघरात सगळे बसले असताना मोहनरावांच्या सुपात टपकन एक थेंब पडला. त्यांनी वर बघितलं. छताला ताटाएवढा ओला डाग पडला होता आणि बघताबघता तो परातीएवढा झाला. मॅनेजर धावत आला. उंचापुरा, पिकल्या केसांचा माणूस.

"वरच्या खोलीतून पाणी येतंय म्हणतात," दुभाषी पोरगी म्हणाली. "कुणी नळ चालू ठेवला का?"

मोहनराव ताडकन उठले. "कुणी काय! आमच्या चेअरमनबाई! सकाळी दार उघडं होतं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. कचऱ्याच्या बादलीतबी पाणी भरलंय बाईनं! मी म्हणलंच होतं."

जेवायला येण्याआधी छबुबाईंनी पुन्हा किटली भरली होती. तोटी बंद केली होती का? आठवेना. संपलं, त्यांना वाटलं. हौद गेला. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पाणी मी भरलंय खरं. माझीच चूक आसंल. चला, बघू."

सगळी वरात जिना चढून वर गेली. छबुबाईंची खोली उघडली. टबावर टॉवेल तसाच, फरशी कोरडी ठणठणीत. पाण्याचा लोंढा येत होता कोपऱ्यातल्या खोलीच्या दाराखालून. मॅनेजरनं दार उघडलं. टब काठोकाठ वाहत होता आणि तोटी पूर्ण सुटलेली होती. टबाच्या वरच्या भोकातून पाणी वाया जाऊ नये म्हणून त्यात उपरण्याचा बोळा गच्च कोंबला होता. उपरणं साऱ्या खडकदऱ्याच्या ओळखीचं होतं.

मोहनरावांचा चेहरा पडला. "मला वाटलं," ते कसंबसं म्हणाले, "जेवून येस्तोवर टब भरंल आन् नळ जाईल."

नळ जाईल! बरोबरच होतं त्यांचं. गावाकडं नळ बंद करायची सवय कुणाला असते? तोटी सोडून खाली भांडं लावायचं, नळ आपला आपण जातो. या नळाला जाणंच ठाऊक नव्हतं, त्याला मोहनराव काय करणार!

"मॅनेजरसाहेब," पाशाभाई खाकरले, "आता लपवायचं काय, माझाबी टब भरलेला हाय." मग एकेक हात वर झाला. साऱ्या दौऱ्यानं टब भरून ठेवले होते.

मॅनेजरला काही उमजेना. तेव्हा छबुबाई पुढं झाल्या आणि दुभाषी पोरीच्या तोंडून त्यांनी त्याला गावचा नळ सांगितला, टँकर सांगितला, हौदावर मान खाली घालून पिणारी गुरं सांगितली. "आमी चोर न्हाई. पाणी बघितलं की आमचा जीव ऱ्हात न्हाई, एवढंच."

मॅनेजर म्हणाला, त्याच्या आजीच्या लहानपणी समुद्र घरात घुसला होता. तेव्हापासून आजी मरेपर्यंत माळ्यावर कुऱ्हाड ठेवून झोपायची, पाणी चढलं तर छप्पर फोडून निघायला. तुमच्या टबांवर ती रागावली नसती, तो म्हणाला, आणि हसला. फक्त जाण्यापूर्वी बूच काढून पाणी सोडून द्या, एवढीच त्याची विनंती होती.

ते मात्र कुणाच्यानं होईना. निघायच्या सकाळी जिल्ह्यातले सगळे चेअरमन-व्हाइस चेअरमन कचऱ्याच्या बादल्या घेऊन लिफ्टनं खाली उतरले आणि हॉटेलच्या फुलझाडांना पाणी घालू लागले. वरून पाऊस पडत होता. सर्वांत मोठी बादली मोहनरावांच्या हातात होती.

गावी आल्यावर सभा भरली. मोहनरावांच्या मेंबरांनी ठरावाची जुळवाजुळव आधीच करून ठेवली होती. त्यातल्या हरिबानं उठून विचारलं, "बाई, खरं सांगा, तिकडं काय गडबड झाली का?"

मोहनराव पायाच्या अंगठ्याकडं बघत बसले.

"झाली," छबुबाई म्हणाल्या. "हॉटेलात पाणी सांडलं. खालच्या छतातून गळलं."

सभेत कुजबुज सुरू झाली. "कुणाच्या खोलीतून?" हरिबानं विचारलं.

"संस्थेच्या," छबुबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

हरिबानं मोठ्या आशेनं मोहनरावांकडं बघितलं. मोहनराव उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "खाली बस बे हरिबा. पाणी माझ्या खोलीतून सांडलं. बाईनी निस्तरलं. ठराव मांडायचा तर मी हौदाचा मांडतो. पाऊस पडस्तोवर हौद चालू ऱ्हाईल."

इतक्यात संस्थेच्या अंगणात टँकर लागला आणि सभा होती तशी उठून बाहेर आली. गाई-म्हशी हंबरत पुढं सरकल्या. पाइप हौदात सोडून टँकरवाला सटवा नेहमीप्रमाणं झाडाखाली बिडी पेटवायला वळला.

"सटवा!" मोहनराव धोतर सावरत धावले. "कुठं चाललास बे? हितं उभा ऱ्हा! भरला की बंद करावा लागतो, तो आपला आपण जात न्हाई!"

कधी नव्हे ते मोहनरावांना पळताना बघून गाव चकित झालं. एकट्या छबुबाईंनी पदरात तोंड लपवलं आणि पोटभर हसून घेतलं. हौद काठोकाठ भरला, तेव्हा मोहनरावांनी स्वतःच्या हातानं कॉक फिरवला. एक थेंब बाहेर पडला नाही.