सर्वानुमते एक लॅपटॉप

आमच्या कालिवुनुत गावात 'नाही' हा शब्द कुणी वापरत नाही. तो आम्हाला येत नाही असं नव्हे, पण चारचौघांत तो तोंडातून काढणं म्हणजे पाहुण्यांसमोर अंगातला सदरा काढून बसण्यासारखं आहे. त्याऐवजी आम्ही 'इंगीह' म्हणतो, म्हणजे हो. या 'हो'चे सोळा-सतरा प्रकार आहेत आणि त्यांतले निम्मे नकाराचे आहेत. मी गावच्या कार्यालयाचा चिटणीस, इथल्या भाषेत चारिक, मानाने पाक चारिक. बावीस वर्षं सभांची इतिवृत्तं लिहितोय आणि या सोळा-सतरा प्रकारांपुढे एकच वाक्य लिहितो, 'सर्वानुमते मंजूर.'

आणखी एक रीत आहे. कुणी काही देऊ केलं की ते लगेच घ्यायचं नसतं. चहा घेणार का? कशाला उगाच. घ्या हो. राहू द्या हो. अहो, घ्याच! मग कुठे पेल्याला हात लावायचा. तीनदा विचारल्याशिवाय खरं उत्तर येत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझी सासू तर दवाखान्यात डॉक्टरलाही तिसऱ्या वेळेपर्यंत 'काही दुखत नाही' असंच सांगते.

तर गेल्या वर्षी गावाला एक लॅपटॉप घ्यायची मंजुरी आली. कुणासाठी, हेही कागदावर स्पष्ट लिहिलं होतं. गावच्या सुईणबाईंसाठी, म्हणजे बू वेनिंग यांच्यासाठी. त्यांना सगळे बू बिदान म्हणतात. बू म्हणजे बाई, बिदान म्हणजे सरकारी सुईण. वय सत्तेचाळीस, अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक. एकोणीस वर्षांत या गावातलं एकूण एक मूल त्यांच्या हातात जन्मलं, माझी दोन्ही धरून. महिन्यातून एकदा त्या मोटरसायकलवरून डोंगरावरच्या वाडीत जात, पोरांची वजनं करत, वहीत लिहीत. ती वही माझ्या टेबलाच्या खणात येई, आणि आकडे वरच्या कार्यालयात कळवायचं काम माझं.

त्या खणाबद्दल मला बोलायचं नाही, पण बोलायला हवं. वरच्या वाडीतल्या एका मुलीचं वजन तीन महिने उतरत होतं. तिन्ही आकडे वेगवेगळ्या वह्यांत होते आणि तिन्ही वह्या माझ्या खणात होत्या. मुलगी वाचली, पण दीड महिना जिल्ह्याच्या दवाखान्यात होती. बू बिदान मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. जागच्या जागी आकडा भरला की उतरतं वजन लगेच लाल दिसतं, म्हणून लॅपटॉप हवा होता. एवढं साधं होतं ते.

मंजुरी आली त्या आठवड्यात बू बिदान माझ्या टेबलाशी आल्या. इकडेतिकडे पाहून त्यांनी फोनवर एक चित्र दाखवलं. छोटासा लॅपटॉप, अकरा इंची पडद्याचा. आत पंखा नाही, बॅटरी दिवसभर चालणारी, आणि तरतुदीपेक्षा बराच स्वस्त. बाईंनी त्याच्या मापाचा पुठ्ठाही कापून आणला होता. तो त्यांनी पिशवीत घालून दाखवला. तान्ह्या मुलांचा काटा, औषधांचा डबा आणि पुठ्ठा, तिन्ही नीट बसलं.

"तुम्हालाच दाखवतेय हं, पाक चारिक. सभेत माझं नाव काढू नका."

"मग सभेत बोलणार कोण?"

"तुम्ही सुचवाल ना. सहज. आत्ताच आठवल्यासारखं."

"हात्तिच्या! एवढंच ना? झालं म्हणून समजा," मी म्हणालो.

आमच्याकडे मतदान होत नाही. मतदानात कुणीतरी हरतं. आम्ही चर्चा करतो, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत. सभेला अकरा जण होते. सरपंच, म्हणजे पाक लुराह, भला माणूस. रीत पाळणारा. त्यांनी पहिला प्रश्न बाईंनाच टाकला.

"बू बिदान, यंत्र तुम्हाला वापरायचंय. कसलं हवं तुम्हाला?"

"छे हो, माझं काय! वहीवर चाललंय की."

"असं कसं? सांगा, सांगा."

"वडीलधारी मंडळी ठरवतील ते चांगलंच असेल."

दोन वेळा झालं. बाईंचा हात मांडीवरच्या फोनवर होता. पाक लुराहंनी तिसऱ्या वेळेसाठी तोंड उघडलं, आणि नेमक्या त्याच क्षणी त्यांच्या पत्नी, बू लुराह, खाऊचे डबे घेऊन आत आल्या.

"गरम आहे तोवर खा बाई सगळ्यांनी. तळलेलं तेंपे थांबत नाही कुणासाठी."

सगळ्यांनी खाल्लं. सोयाबीनचं ते तेंपे चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. पण खाणं आटोपल्यावर तिसरा प्रश्न विचारायची सोय उरली नव्हती. मध्ये पंचवीस मिनिटं गेली होती. आता विचारलं तर ते पुन्हा पहिल्यांदा विचारल्यासारखं झालं असतं. शिवाय बाई मघाशी मनातलं बोलल्या नव्हत्या असा त्याचा अर्थ निघाला असता. पाक लुराह पाणी प्यायले आणि म्हणाले, "तर मग बू बिदानची कशालाच हरकत नाही."

आता माझी पाळी होती. सहज, आत्ताच आठवल्यासारखं. मी घसा साफ केला. बाई जमिनीकडे पाहत होत्या, पण कान माझ्याकडे होते. आणि बावीस वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडून काय निघालं?

"मला वाटतं, यंत्र सोयीचं असावं."

"इंगीह," दहा जण म्हणाले. मग प्रत्येकाला आपापली सोय आठवली.

तरुण मंडळाचा अध्यक्ष मास गिलांग म्हणाला, "फुटबॉलच्या सामन्यांचे फलक बनवायचे तर दणकट हवा. खेळ चालतील असला. म्हणजे... फलकांसाठी."

"शुक्रवारी आम्ही बायका कवायत करतो," बू लुराह म्हणाल्या. "मागच्या रांगेतल्यांना दिसायला नको? पडदा चांगला मोठा घ्या. आवाजही."

निवृत्त मास्तर म्बाह कास्नो यांच्याकडे छाया-बाहुल्यांच्या खेळांच्या एकशे बारा तबकड्या आहेत. "तबकडी घालायची फट असू द्या बाळांनो. हल्ली देत नाहीत म्हणे."

खालच्या वाडीच्या प्रमुखाला जवळचं दिसत नाही, त्याला मोठी अक्षरं हवी होती. कुणालाही 'अहो, हा पोरांच्या वजनासाठी आहे' असं म्हणता आलं नाही, कारण तसं म्हणणं म्हणजे समोरच्याला नाही म्हणणं. प्रत्येक मागणीला बाई हसून मान डोलवत होत्या. त्या मान डोलावण्याचा प्रकार मला कळत होता. सोळा-सतरातला अगदी शेवटचा. मी लिहिलं, सर्वानुमते मंजूर.

लॅपटॉप आणायला जिल्ह्याच्या गावी भाड्याची गाडी करून आठ जण गेलो. लॅपटॉप एक, पण पसंती सामुदायिक. दुकानाच्या मालकीणबाई चिक लियान यांना आम्हा आठ जणांना पाहून आधी वाटलं की वर्गणी मागायला आलोय.

बाईंचा लॅपटॉप तिथे होता. कोपऱ्यात, पोरांच्या खेळण्यांशेजारी ठेवलेला. बाकीचे मोठ्या यंत्रांभोवती गोळा झाले तेव्हा बू बिदान हळूच तिकडे गेल्या. त्यांनी तो एका हाताने उचलला. मग मागे एकदा पाहून पिशवीत घातला, पिशवी खांद्यावर घेतली आणि दोन पावलं चालून पाहिली. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. नवी वहाण घालून बघणाऱ्या पोरीसारखा झाला होता. मग चटकन काढून जागेवर ठेवला.

चिक लियानबाईंनीही पाहिलं होतं. त्या माझ्याकडे वळल्या. "हा देऊ का पाक? हलका आहे, किंमतही बेताची. वापरणार त्याच ना?"

देऊ का, एवढंच विचारलं होतं. मी 'द्या' म्हणायचं होतं, दीड अक्षर! माझी जीभ काही टाळ्याला चिकटली नव्हती. मी पाक लुराहंकडे पाहिलं. ते सतरा इंची राक्षसापुढे उभे होते. त्याच्या कळा लाल-निळ्या उजळत होत्या आणि त्याच्यासोबत भात शिजवायचं भांडं फुकट होतं.

"पाक लुराह म्हणतील तसं," मी म्हणालो.

बू बिदान म्हणाल्या, "मोठा छान दिसतोय."

राक्षस गावात आला. तबकडीची फट त्याला नव्हती, तिच्यासाठी जोडायची वेगळी डबी घेतली. उद्घाटनाला रिवाजाप्रमाणे पिवळ्या भाताचा डोंगर रचला, म्बाह कास्नोंनी दुआ मागितली, पाक लुराहंनी लाल फीत कापली. फोटोत सगळे आहेत. बू बिदान कडेला आहेत, त्यांचा अर्धा चेहरा गिलांगच्या कोपरामागे गेलाय.

फोटो वर पाठवल्यावर वरच्या साहेबांनी दुसरा फोटो मागितला, यंत्र डोंगरात वापरताना. म्हणून पुढच्या वजनाच्या दिवशी बाईंना राक्षस न्यावा लागला. मीही मागून निघालो, फोटो काढायला. यंत्र, त्याचा विटेएवढा चार्जर आणि तबकडीची डबी पिशवीत कोंबल्यावर काट्याला जागा उरली नाही. दोन खेपा करायला रस्ता तसा नाही. एका वळणावर गाडी मागे घसरली, मी ढकलून धरली. बाईंच्या खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ उठला होता. वाडीत एकवीस आया पोरं घेऊन बसल्या होत्या. वजनं नोंदवायचं यंत्र टेबलावर लखलखत होतं आणि वजन करायचा काटा खाली कार्यालयात होता.

"उचलून सांगा की अंदाजाने," एक आजी म्हणाली. "तुमच्या हाताला कळतं."

बाईंनी एकवीस पोरं एकेक करून उचलली. हाताला कळत होतं तसं सांगितलं. पाच पोरं झाल्यावर बॅटरी संपली, वाडीत तेव्हा वीज नव्हती. बाकीची सोळा वहीत गेली आणि वही माझ्या खणात. फोटो मात्र सुरेख आला. तो अजून जिल्ह्याच्या कार्यालयात भिंतीवर लावलाय म्हणे.

त्यानंतर राक्षस कार्यालयातच राहिला. बू लुराहंनी त्याच्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं. शुक्रवारी कवायत, शनिवारी गिलांगचे 'फलक', पहाटेपर्यंत. म्बाह कास्नोंच्या बाहुल्याही कधी कधी नाचतात. यंत्राचा कुणी उपयोग केला नाही असं कुणाच्याने म्हणवणार नाही.

चार महिन्यांनी बू बिदानचा बदलीचा अर्ज आला. बहिणीच्या गावी, सपाटीवर. अर्जात गावाचे आभार होते, पाक लुराहंचे होते, यंत्राचेसुद्धा होते. मी वाचला आणि आवक नोंदवहीत चढवला. निरोपाला सगळा गाव रडला, मनापासून रडला. मग सभा भरली. एवढ्या सुखात असलेल्या बाई गेल्या का, यावर दोन तास चर्चा झाली. बहिणीची माया, असं ठरलं. मी तेच लिहिलं. सहीसुद्धा केली.

त्यांच्या जागी नवी बिदान आली. म्बाक तिउर्मा, म्हणजे तिउर्माताई, दुसऱ्या बेटावरच्या मेदान शहराकडची, सव्वीस वर्षांची. तिकडची माणसं आमच्यासारखी नाहीत, पोटातलं सरळ ओठावर आणतात. पहिल्याच सभेत पाक लुराहंनी कौतुकाने क्रोशाचं झाकण उचललं.

"हे तुमचं यंत्र, म्बाक."

तिने ते दोन हातांनी उचललं आणि परत ठेवलं. "मला हे नको."

बू लुराहंनी पदर सावरल्यासारखी ओढणी सावरली.

"हे घेऊन डोंगर कोण चढेल? मला लहान हवा. पिशवीत काट्याशेजारी बसेल असा. हा बघा." तिने फोन पुढे केला. अकरा इंची. तोच.

पाक लुराहंनी फोन हातात घेऊन पाहिला. अशा मागणीला कुठली रीत लागते ते त्यांना ठाऊक नव्हतं. मग म्हणाले, "बरं. घेऊ." बस्स. मी घड्याळ पाहिलं, दोन मिनिटंही झाली नव्हती. तेंपे यायच्या आधी विषय संपला. पुढच्या मंगळवारी लॅपटॉप आला. यंदा वरच्या वाडीत दोन पोरांची वजनं उतरताना त्याच दिवशी दिसली आणि दोन्ही सावरली.

"काम चांगलं करते हो पोरगी," बू लुराह परवा म्हणाल्या, "पण वळण म्हणून काही नाही. आमच्या बू वेनिंग कशा होत्या!"

"इंगीह," आम्ही सगळे म्हणालो.

त्या संध्याकाळी मी बू वेनिंगना फोन लावला. बातमी चांगली होती, त्यांना आवडेल असं वाटलं. दोन पोरांची नावं सांगितली, नवा लॅपटॉप आल्याचं सांगितलं, म्बाक तिउर्माने तो कसा मागितला तेही रंगवून सांगितलं.

"पाक चारिक," त्या म्हणाल्या, त्याच बारीक आवाजात, "दुकानात त्या बाईंनी तुम्हाला विचारलं ना, तेव्हा तुम्ही हो म्हणाला असता, तर मी आज तिथेच असते."

एकोणीस वर्षांत त्या कुणाला असं बोलल्या नव्हत्या. मी काही म्हणायच्या आत त्यांनीच घाईघाईने विषय बदलला. वरच्या वाडीतला रस्ता झाला का, माझी धाकटी कितवीत गेली, असं विचारत राहिल्या. मी सगळ्याची नीट उत्तरं दिली. रस्ता अजून व्हायचाय, धाकटी सातवीत आहे.